आईचा आठवा हिस्सा

अलिबागला परदेश म्हटलं की आजची पोरं हसतात. हसा खुशाल. मुरुडहून निघून रेवदंड्याची खाडी ओलांडली की आमच्या वेळी मुलूख बदलायचा. अलीकडे नवाबाचं संस्थान, पलीकडे इंग्रज. कायदे वेगळे, जकात वेगळी, आणि पलीकडच्या प्रत्येक कचेरीत आम्ही ‘बाहेरचे’. दोन्हीकडे तेच माड, तीच वाळत घातलेली मासळी. पण नाक्यावरचा शिपाई आमची गाठोडी सोडायला लावायचा आणि आत भाकरी दिसली की नाक मुरडायचा. अशा त्या परदेशात मला माझ्या स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडायचं होतं. एकोणीसशे तीस नुकतंच ओलांडलं होतं. हे सगळं मी आजवर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की अजून संताप येतो.

माझा नवरा आगबोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात, भट्टीसमोर उभं राहून कोळसा लोटायचं काम. वर्षातून एकदा घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ असायची, ती कितीही धुतली तरी जायची नाही. एका खेपेला तो आलाच नाही. कुठल्याशा दूरच्या बंदरात तापाने गेला, आणि तिथल्या लोकांनीच त्याला माती दिली.

आमच्यात एक रीत आहे. मय्यत उचलायच्या आधी बायकोला जवळ आणतात आणि तिच्या तोंडून वदवून घेतात, ‘मेहर माफ केली.’ मेहर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने कबूल केलेली, बायकोच्या हक्काची रक्कम. जिवंतपणी ती देणारे नवरे मी बोटावर मोजण्याएवढेही पाहिले नाहीत. मग मेलेल्या माणसाने देणं अंगावर घेऊन अल्लापुढे कसं जायचं, म्हणून ते बायकोने सोडायचं. इथे मय्यतच नव्हती. पण रीत कशी चुकवायची? माझ्या जावेने नवऱ्याची टोपी आणून पाटावर ठेवली आणि चार बायकांनी मला तिच्यासमोर धरून बसवलं. मी टोपीला म्हटलं, माफ केली. त्या दिवशी मला मागितलं असतं तर मी समुद्रालासुद्धा माफ केलं असतं.

मग कंपनीचं पत्र आलं. ते आधी माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, वाचलं. मग मी वाचलं, कारण मी मुरुडच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते आणि ते लोक सारखं विसरायचे. थकलेला पगार आणि भरपाई मिळून रक्कम यायची होती. बायकोच्या स्वतःच्या नावावर बँकेत खातं असेल तर तिला. नसेल तर कुटुंबातल्या वडील पुरुषाला. वर्षाच्या आत कळवावं.

जेठ वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते हळू बोलायचे, पाचही वेळा नमाज पढायचे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुजं पैसं ते घराचं पैसं. नवा मचवा होईल. तू हायसच घरात, चुलीपाशी. आन् पोरीचं मी बघतो.”

पोरीचं बघतो म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि तिला आपल्या मधल्या मुलाला करून घ्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. म्हणजे मी त्यांच्या चुलीपाशी, माझ्या नवऱ्याच्या जिवाचे पैसे त्यांच्या मचव्यात, आणि माझ्यामागून माझी मुलगी त्याच चुलीपाशी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तशातली गत. ते पैसे माझ्या हातात आले तर मी आणि मुलगी वेगळं राहू शकणार होतो. नाही आले, तर नाही. एवढंच होतं, आणि माझ्यासाठी ते सगळं होतं.

इद्दत संपली, म्हणजे विधवेने घरात बसायचे दिवस संपले, तशी आई मला न्यायला आली. आम्ही तिला मा म्हणायचो. मी तिला पत्राचं सांगितलं. तिने फक्त विचारलं, “ती बँक कुठं हाय?”

आम्ही दोघी चादरी लपेटून निघालो. साळावपर्यंत बैलगाडी, मग होडीने खाडी, मग पलीकडे टांगा. संस्थानच्या नाक्यावर गाठोडं सोडलं, इंग्रजांच्या नाक्यावर पुन्हा सोडलं. माझ्या मनात मात्र उमेद होती. शिकलेल्या लोकांची कचेरी आहे, म्हटलं, तिथे तरी माणसासारखं विचारतील. किती भोळी होते मी!

बँक म्हणजे एका मोठ्या घराच्या ओसरीवर लाकडी कठडा घालून केलेली खोली. कठड्याआड काळी टोपी घातलेला हेडकारकून बसला होता. मी पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि छापील कागद ओढून घेतला. नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. सही येते का, म्हणाला. येते म्हटल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या. आणि मग त्याने विचारलं, “कायमचा पत्ता?”

सासरचा पत्ता सांगावा, तर बँक तिथे चौकशी पाठवणार, घराच्या मालकाला विचारणार, आणि मालक कोण, तर जेठ. माहेरचा सांगावा, तर ते घर माझं आहे असं मी आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या बायकांच्या बोलण्यातच ‘माझं घर’ नसतं. आईचं घर असतं, सासरचं घर असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शोधायला लागले की मी राहते कुठे.

मी बोलत नाही बघून मा पुढे झाली. तिला वाटलं, प्रश्न सोपा आहे आणि लेक घाबरली आहे. ती अदबीने म्हणाली, “कायमचा पत्ता या दुनियेत कुणाचा असतो, साहेब? कायमचं ठिकाण म्हंजे कबरस्तान. ते मुरुडात हाय, आमच्या मशिदीमागं.”

ती थट्टा करत नव्हती. आमच्यात कुणी ‘कायमचं’ म्हटलं की हेच उत्तर द्यायचं. दुसरं काही सांगितलं तर तो गर्व. कारकुनाने टाक खाली ठेवला. मागच्या मेजावरचे दोघे खुदखुदले.

“बाई,” तो म्हणाला, “ही बँक आहे, मशीद नव्हे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई उभ्या जन्मात पहिल्यांदा कचेरीत आली होती, आणि तिला जे सगळ्यात खरं वाटत होतं ते तिने सांगितलं होतं. तिचा चेहरा चादरीत एवढासा झाला. त्या दोघांचं हसणं मला अजून ऐकू येतं. ते दोघे आता असतीलच तर आपल्या कायमच्या पत्त्यावर असतील.

मी विचारलं, “पत्ता कशाला लागतो?”

“तुम्ही संस्थानच्या रयत. उद्या खाडी उतरून निघून गेलात, तर तुम्हाला शोधायचं कुठे?”

“मी पैसे ठेवायला आलेय, न्यायला नाही. ठेवून गेलेल्याला शोधत कोण फिरतं?”

त्याने टाक पुन्हा उचलला. मग म्हणाला, “नियम आहे.” या शब्दापुढे देवाचंही काही चालत नसावं. नियम असा होता, की ज्या घरात मी कायम राहणार त्या घराच्या मालकाने तसं लिहून द्यायचं, आणि आमच्या काजीसाहेबांनी त्यावर शिक्का मारायचा. माझा नवरा सगळी उमर आगबोटीच्या पोटात राहिला. रोज नवा समुद्र, नवं बंदर. त्याला कुणी पत्ता विचारला नाही, कारण त्याला फक्त कोळसा लोटायचा होता. त्याच्या मरणाचे पैसे घ्यायला मात्र मला पत्ता हवा होता.

परतताना होडीत मा चादर तोंडावर ओढून बसली होती. मी म्हटलं, “एवढं काय, भाई देईल लिहून.” आणि मला खरंच तसं वाटत होतं.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. बाजारात त्याचं कापडाचं लहानसं दुकान होतं. बावा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर आमचं घर त्यानेच चालवलं. लहानपणी ओहोटीला समुद्रातल्या खडकांवर मला खांद्यावर बसवून नेणारा तोच, माझ्या लग्नात सगळ्यांपेक्षा जास्त रडलेलाही तोच. सासरहून आले की दारातच ‘किती दिवसांसाठी आलीस, बाय?’ विचारणाराही तोच. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “लिहितो की. का न्हाय लिहिणार? बहीण हायस तू माजी.”

मग तो उठला, पाणी प्याला, परत येऊन बसला. त्याची बायको, आमची भाबी, दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या.

“एक हाय फक्त,” तो म्हणाला. “कायम राहणार असं लिहून दिलं, म्हंजे उद्या कुणी म्हणंल, घरात तुजा हिस्सा. आपल्या धाकट्या बहिणीनं तिचा हिस्सा लग्नातच सोडलाय. तुजं तेवढं राहून गेलं. ते आधी लिहून दे, मग मी तुजं लिहितो. तुज्या-माज्यात काय हाय? नुसता कागूद.”

जेठांनी मागितलं तेव्हा मला राग आला होता. आता जे झालं त्याला राग म्हणणंसुद्धा कमी आहे. शरियतने मुलीला बापाच्या घरात हिस्सा दिलाय, मुलाच्या निम्मा का होईना, पण दिलाय. आणि आमच्याकडच्या यच्चयावत भल्या मुली तो सोडतात. कारण नाही सोडला तर माहेर तुटतं, आणि माहेर तुटलं तर सासरी मार पडला की पळून जायचं कुठे? हिस्सा द्यायचा आणि त्याच्या बदल्यात चार दिवस पाहुणी म्हणून यायचा हक्क घ्यायचा. नवरा मेला की मेहर माफ कर. बाप मेला की हिस्सा माफ कर. सगळ्यांनी घ्यायचं, आणि बाईने माफ करत सुटायचं. जणू आम्ही बायका म्हणजे माफीची वखार.

आणि माझ्या भावाचा हा हिशेब तर बघा. तू या घरात कायमची राहतेस असं मी लिहून देतो, पण आधी तू लिहून दे की या घरात तुझं काही नाही.

मी म्हटलं, “न्हाय सोडणार.”

“मग मी कसं लिहू?” तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. त्याचाही मला राग आला. दुसऱ्याचं घेतानासुद्धा या पुरुषांना रडायचं असतं, म्हणजे डोळे पुसायचं कामही आपलंच.

मा इतका वेळ ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. ती आत आली आणि भाईला म्हणाली, “तुज्या बावाच्या घरात माजं किती?”

“सगळं तुजंच हाय, मा,” भाई म्हणाला. तो ते नेहमीच म्हणायचा.

“सगळं नको. काजीसाहेबांनी बावाच्या वेळी सांगितला होता तो आठवा हिस्सा. तो कुठला, ते दाखव.”

भाई हसला, मग हसायचा थांबला. नवऱ्याच्या मागे, मुलं असली तर, विधवेला आठवा हिस्सा. बावा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी काजीसाहेबांनी तो सगळ्यांसमोर सांगितला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि पुढे कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. आईनेही नाही. पण तिने तो सोडलाही नव्हता. तिला कुणी माफ कर म्हटलंच नव्हतं, कारण आई मागेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

“मा, लोक काय म्हणतील?”

“मागली पडवी आन् त्यापुढची खोली,” मा म्हणाली. “हिरीकडचं दार. ते माजं. माज्या जाग्यात माजी लेक राहील. आन् ते मी लिहून देईन.”

भाबी दाराआडून म्हणाली, “या वयात हे कुठलं खूळ, मा?” मा तिच्याकडे वळलीही नाही. ती चादर घेऊन तशीच काजीसाहेबांकडे निघाली आणि मी तिच्यामागे.

काजीसाहेब म्हातारे होते. त्यांनी मला समजवायला बघितलं. भावाशी भांडण बरं नव्हे, सबर कर, वगैरे. मा म्हणाली, “सबर तिनं केला, आता शिक्का मारा.” त्यांच्याने नाही म्हणवेना, कारण तो आठवा हिस्सा सांगणारे तेच होते. त्यांनी लिहिलं. आईने अंगठा उठवला.

पुन्हा गाडी, पुन्हा होडी, पुन्हा दोन नाके. हेडकारकुनाने कागद उलटसुलट बघितला. शिक्का ठीक होता. खुसपट काढायला त्याला दुसरं काही सापडेना, तेव्हा म्हणाला, “घराचा आठवा हिस्सा! एवढ्याशा जागेत राहणार कशा तुम्ही?”

“तुमचं पत्र येण्याएवढी जागा आहे,” मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. मी सही केली. आईने मात्र जाता जाता त्याला बजावलं, व्याज आम्हाला चालत नाही, ते नको म्हणून लिहा. तसं लिहायला कागदावर जागाच नाही, असं तो म्हणाला. मा म्हणाली, “मग तुमच्याकडं नको तेवढी जागा हाय, आन् पायजे तेवढी न्हाय.” या वेळी मागच्या मेजावरून कुणी हसलं नाही.

पैसे आले. जेठ एकदा ओट्यावर येऊन बसले, घराण्याच्या तोंडाला मी काळं फासलं असं हळूच सांगून गेले, आणि पुढच्या ईदेला त्यांच्या घरचा नमस्कार-चमत्कारही बंद झाला. माझी मुलगी माझ्याजवळ राहिली. तिला मी शाळेत घातलं. जेठांच्या मधल्या मुलाने पुढे दुसरी कुणी केली. त्या मुलीला मी कधी भेटले नाही, पण तिच्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

आणि भाईने घरात कूड घातला. कारवीचा, वरून शेण-मातीने लिंपलेला. मागली पडवी आणि खोली इकडे, बाकी सगळं तिकडे. स्वतः उभा राहून त्याने तो लिंपून घेतला. मा माझ्या बाजूला राहायला आली. तिची चूल मांडली तेव्हा ती म्हणाली, “बरी हवा येती इथं.” भाईशी ती रोज बोलायची, पण कुडावरून.

त्याच उन्हाळ्यात धाकटी बहीण श्रीवर्धनहून माहेरी आली. हिस्सा सोडलेली, गुणाची बहीण. कुडापलीकडे तिच्या पायावर पाणी घातलेलं मला ऐकू आलं. भाबीने नारळाच्या दुधाची सांदणं केली, त्यांचा वास आमच्या पडवीत भरून राहिला. माझी मुलगी कुडाला नाक लावून उभी होती, तिला मी ओढून आणलं आणि उगाच एक चापट दिली. मग भाईचा आवाज आला. दुकान लवकर बंद करून आला असावा. तसलाच मऊ आवाज, लहानपणी मला खांद्यावर घ्यायचा तेव्हाचा.

“किती दिवसांसाठी आलीस, बाय?”

तिने काहीतरी आठ-दहा दिवस सांगितले. तो म्हणाला, “एवढंच?”

मी त्या घरात पुढे कितीतरी वर्षं राहिले. भावाने मला तो प्रश्न परत कधी विचारला नाही.